खोडावर पाच नावे, चौथऱ्यावर एकच

डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे पहिले स्मारक दगडाचे नव्हते आणि कांस्याचेही नव्हते. आजच्या झांबियात चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावात १ मे १८७३ च्या पहाटे हा स्कॉटिश मिशनरी आणि भूगोल-संशोधक बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळला. त्याच्या सोबत्यांनी त्याचे हृदय आणि आतडी काढून, ज्यात एकेकाळी पीठ असे अशा पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि तो डबा मुपुंडूच्या एका झाडाखाली पुरला. जेकब वेनराइट नावाच्या तरुणाने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि मग त्या झाडाची साल तासून खोडावर अक्षरे कोरली. सर्वांत वर लिव्हिंग्स्टनचे नाव, त्याखाली ४ मे १८७३ ही तारीख आणि त्याखाली चुमा, सुसी, म्नियासेरे आणि उचोपेरे ही सोबत्यांची चार नावे. सुसीचे नाव त्याने ‘सूझा’ असे कोरले. स्वतःचे नाव मात्र कोरले नाही.

हा कोरणारा हात नाशिकला लिहायला शिकला होता. त्याकडे मी पुढे येणार आहे, कारण या लेखातले माझे गाऱ्हाणे आणि माझी मागणी दोन्ही तिथेच आहेत. पण आधी त्या झाडानंतर काय झाले ते पाहू. १८९९ मध्ये झाड पाडून अक्षरे असलेला भाग लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे पाठवण्यात आला आणि १९०२ मध्ये त्या जागी दगडी स्तंभ उभा राहिला. त्याआधीच, १८७६ मध्ये, एडिंबरोच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर अमेलिया रॉबर्टसन हिल या शिल्पकर्तीने घडवलेला लिव्हिंग्स्टन उभा राहिला होता आणि १८७९ मध्ये ग्लासगोत जॉन मॉसमनने केलेला. १९३४ च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टोरिया धबधब्याच्या काठी, आजच्या झिम्बाब्वेच्या बाजूला, विल्यम रीड डिक यांच्या भव्य कांस्यपुतळ्याचे अनावरण झाले, तर १९५३ मध्ये लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या इमारतीच्या बाहेरच्या कोनाड्यात टी. बी. हक्सली-जोन्स यांनी केलेला पुतळा बसला. शिल्पकार वेगळे, शहरे वेगळी, काळ वेगळा. पण प्रत्येक चौथऱ्यावर माणूस एकच आणि तो एकटाच. खोडावर जी पाच नावे होती, ती दगडात आणि कांस्यात येईपर्यंत एकच उरली.

माझे म्हणणे एवढेच आहे की, भूगोल-संशोधकांच्या पुतळ्यांतला खरा दोष हा आहे आणि गेली काही वर्षे पुतळ्यांवरून जे वाद झडत आहेत, त्यांत नेमका हाच दोष कुणी नीट पाहत नाही.

जून २०२० मध्ये ब्रिस्टलमध्ये गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोलस्टन याचा पुतळा आंदोलकांनी ओढून बंदरात ढकलला, तेव्हापासून युरोप-अमेरिकेतल्या अनेक शहरांनी आपापल्या चौकांतल्या पुतळ्यांची झाडाझडती सुरू केली. लिव्हिंग्स्टनला शोधायला गेलेला हेन्री मॉर्टन स्टॅनली याचा पुतळा वेल्समधल्या डेन्बी गावी २०११ मध्ये बसवला गेला होता. तो ठेवायचा की काढायचा, यावर २०२१ मध्ये मत घेतले गेले आणि कौल ठेवण्याच्या बाजूने पडला. त्याच स्टॅनलीचा काँगोची राजधानी किन्शासा इथला पुतळा हुकूमशहा मोबुटूच्या राजवटीतच खाली उतरवला गेला होता. लिव्हिंग्स्टनची पाळी २०२२ मध्ये आली. ग्लासगो महापालिकेने करवून घेतलेल्या अहवालात शहराचे गुलामगिरीशी असलेले धागे तपासताना त्याच्याही पुतळ्याचा उल्लेख झाला. कारण असे की, लहानपणी तो स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर या आपल्या जन्मगावच्या ज्या सूतगिरणीत कामाला होता, तिथे येणाऱ्या कापसाचा आणि तिच्या मालकांच्या व्यवहाराचा संबंध गुलामांच्या मळ्यांशी पोहोचत होता.

इथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. दहाव्या वर्षी गिरणीत लागलेला, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत तुटलेले धागे जोडणारा आणि काम करता करता यंत्रावर पुस्तक उघडे ठेवून वाचणारा मुलगा गिरणीमालकाच्या पापाचा वाटेकरी होत नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या कुठल्याही घरात हे समजावून सांगावे लागणार नाही. अहवालाचा हेतू शहराच्या संपत्तीचा उगम दाखवण्याचा होता आणि तो योग्यच होता. पण त्यावरून जो गदारोळ झाला, त्यात दोन्ही बाजू एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिल्या: हा माणूस चांगला होता की वाईट?

हा प्रश्न निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. त्याला उत्तर देण्याइतके पुरावेही आहेत आणि ते एका रंगाचे नाहीत. मध्य आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने आयुष्यभर लिहिले. जुलै १८७१ मध्ये आजच्या काँगोतल्या न्यांग्वेच्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी बंदुका चालवून शेकडो लोक मारले, त्याचे त्याने पाठवलेले वर्णन ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर लोकमत पेटले; आणि जून १८७३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जेमतेम महिन्याभराने, झांझिबारच्या सुलतानाला गुलामांचा बाजार बंद करणाऱ्या तहावर सही करावी लागली. दुसरीकडे, शेवटच्या वर्षांत अन्न, औषधे आणि वाटेची सुरक्षितता यांसाठी तो त्याच व्यापाऱ्यांच्या आधारावर जगत होता, आणि ज्या वाटा त्याने नकाशावर आणल्या त्यांवरूनच पुढे वसाहतवादी सत्ता आत शिरल्या. हे सगळे खरे आहे. पण हे सगळे एका माणसाचे चरित्र आहे आणि जोवर आपण चरित्राचाच न्याय करत बसतो, तोवर चौथऱ्यावर एकच माणूस का आहे, हे विचारण्याची वेळच येत नाही.

भूगोल-संशोधन हे एका माणसाचे काम कधीच नव्हते. ते तांड्याचे काम होते. लिव्हिंग्स्टनने १८५३ ते १८५६ या काळात आफ्रिका खंड पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत पार केला, असे आपण शाळेत शिकतो. तो पार करण्यासाठी कोलोलो या आफ्रिकी जमातीचा राजा सेकेलेटू याने त्याला पश्चिम किनाऱ्यावरच्या लुआंडाकडे जाताना २७ माणसे दिली आणि पूर्व किनाऱ्याकडे निघताना ११४. वर होड्या, बैल आणि वाटखर्चासाठी हस्तिदंत. या प्रवासाचा भांडवलदार सेकेलेटू होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १६ नोव्हेंबर १८५५ रोजी लिव्हिंग्स्टनने जो धबधबा पाहिला, तिथे त्याला नेणारी होडी सेकेलेटूने दिली होती आणि त्या धबधब्याला मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर, हे नाव आधीच होते. आता धबधब्याच्या काठावरचा पुतळा डोळ्यांसमोर आणा: प्रवासी पोशाखातला एकटा गोरा माणूस पाण्याकडे पाहतो आहे. ज्याने तिथवर आणले तो राजा नाही, ज्यांनी होडी वल्हवली ते नावाडी नाहीत, दुभाषाचे काम करणारा सेक्वेबू नाही. पुतळा खोटे बोलत नाही, कारण लिव्हिंग्स्टन खरोखरच तिथे उभा होता. पण इतरांना गाळून बोललेले खरे फार लांबवर दिशाभूल करते.

आता मुंबई आणि नाशिक. जून १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टन ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट झांझिबारहून हाकत मुंबईला आला; सोबत मूठभर खलाशी आणि चुमा व वेकातानी ही दोन मुले होती. १८६१ मध्ये आजच्या मलावीतल्या शिरे नदीकडच्या डोंगराळ भागात गुलामांचा एक तांडा सोडवला गेला होता, त्यात चुमा होता. दोघा मुलांना डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतल्या मिशनरी शाळेत ठेवून लिव्हिंग्स्टन इंग्लंडला गेला आणि १८६५ च्या सप्टेंबरात परतला. सर बार्टल फ्रीअर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. नव्या मोहिमेची जमवाजमव मुंबईतच झाली. जानेवारी १८६६ मध्ये ‘थूल’ या जहाजाने त्याने मुंबई सोडली. त्या मोहिमेतल्या माणसांची मोजदाद त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे: १३ शिपाई, जोहाना बेटावरचे १० जण, झांबेझी नदीकाठच्या शूपांगाचे दोघे, चुमा आणि वेकातानी ही याओ जमातीची मुले, आणि नाशिकची ९ मुले. सोबत हिंदुस्थानातून नेलेले उंट, म्हशी, खेचरे आणि गाढवेही होती, कारण जनावरांना जीवघेणा रोग देणाऱ्या त्सेत्से माशीच्या प्रदेशात कोणते जनावर टिकते हे त्याला पाहायचे होते.

नाशिकची ही मुले कोण होती? अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबते ब्रिटिश आरमाराने पकडली की त्यांतली माणसे मुंबईला उतरवली जात. त्यांतल्या बऱ्याच मुलांना चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकजवळच्या शरणपूर वसाहतीत पाठवले जाई. तिथे त्यांना इंग्रजी लिहाय-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम असे हातचे कसब शिकवले जाई आणि बाप्तिस्मा देऊन नवी नावे दिली जात. आज नाशिकला शरणपूर रोड हा गजबजलेला रस्ता आहे. महापालिकेचे राजीव गांधी भवन त्याच रस्त्यावर आहे, कॅनडा कॉर्नर तिथेच आहे आणि रिक्षावाल्याला ‘शरणपूर रोड’ म्हटले की पत्ता पुरतो. पण ‘शरणपूर’ या नावात कोणी कोणाला शरण दिली, हा प्रश्न त्या रस्त्याने जाताना माझ्याही मनात कित्येक वर्षे आला नव्हता. आपल्या आईबापांपासून तोडलेली आफ्रिकी मुले गोदावरीच्या काठच्या या गावात वाढली, त्यांच्या कानांवर मराठी पडत राहिली असणार, आणि इथून ती पुन्हा त्याच खंडात गेली जिथून त्यांना बेड्या घालून नेले होते. ही गोष्ट नाशिकच्या इतिहासाची आहे, आणि कुंभमेळा आणि पंचवटीइतकी नाही तरी काही ओळींची जागा तिला आपल्या पुस्तकांत मिळायला हवी होती.

त्या पहिल्या नऊ जणांपैकी एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत टिकला. इतर काहींनी वाटेत साथ सोडली, आणि हे लपवण्याचे कारण नाही. ज्या मोहिमेत उपासमार, ताप आणि मारहाणही होती, तिथे सोडून जाणे हा शहाणपणाचा निर्णयही असू शकतो. जानेवारी १८६७ मध्ये औषधांची पेटी घेऊन ओझेवाले पळाले, तेव्हा आपल्याला जणू मृत्युदंडच झाल्यासारखे लिव्हिंग्स्टनला वाटले. एका पेटीवाचून मोहिमेचा कणा मोडतो, यावरूनच ती पेटी डोक्यावर घेणारा माणूस किती महत्त्वाचा होता ते कळते. १८७२ मध्ये स्टॅनलीने झांझिबारहून पाठवलेल्या नव्या तुकडीत नाशिकचे आणखी सहा जण आले: जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरार, रिचर्ड आणि बेंजामिन रटन.

आणि मग चितांबोच्या गावातली ती मे महिन्याची सकाळ. नेता मेला आहे, जवळच्या ब्रिटिश अधिकाऱ्यापर्यंत पोहोचायला कित्येक महिने लागणार आहेत, परक्या मुलखात प्रेत बाळगणे धोक्याचे आहे. अशा वेळी साठएक माणसांचा तांडा पांगला असता तरी इतिहासाने त्यांना बोल लावला नसता. त्यांनी काय केले? चुमा आणि सुसी यांनी सर्वांना एकत्र बोलावले. सर्वांच्या देखत पेट्या उघडल्या आणि जेकब वेनराइटने आतल्या वस्तूंची यादी केली, म्हणजे पुढे कोणी कोणावर चोरीचा आळ घेऊ नये. विचारविनिमय करून ठरले की देह समुद्रापर्यंत न्यायचा. मीठ घालून तो दोन आठवडे उन्हात सुकवला, सुती कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात बसवला, वर शिडाचे कापड शिवले. ऑक्टोबरात आजच्या टांझानियातल्या उन्यान्येंबेला भेटलेल्या कॅमेरॉन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने देह तिथेच पुरावा असे सुचवले. त्यांनी ते मानले नाही. पुढे एका ठिकाणी गावकरी प्रेत जाऊ द्यायला तयार होईनात, तेव्हा यांनी प्रेत परत पाठवल्याचा देखावा केला, एक खोटे गाठोडे मागे धाडले आणि खरा देह कापडाच्या साध्या गाठीसारखा बांधून इतर ओझ्यांत मिसळून पुढे नेला. याच वाटेवर लोसी नावाची दहाएक वर्षांची मुलगी डोक्यावर पाण्याचा घडा घेऊन रांगेत चालत असताना तिला साप चावला आणि काही मिनिटांत तिचा जीव गेला. दीड हजार किलोमीटरांहून अधिक चालून, नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये हा तांडा बागामोयोच्या किनाऱ्याला पोहोचला. सोबत केवळ देह नव्हता. लिव्हिंग्स्टनच्या नोंदवह्या आणि टिपणेही होती, आणि त्याची शेवटची सात वर्षे आज आपल्याला ठाऊक आहेत ती त्या वह्या सुखरूप पोहोचल्या म्हणून.

१८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झाले. शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. तिथल्या शिळेवरचा लेख असा सुरू होतो की, विश्वासू हातांनी भूमी आणि समुद्र ओलांडून आणलेला डेव्हिड लिव्हिंग्स्टन येथे विसावला आहे. मी हे वाक्य अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी ‘हातांनी’ या शब्दाशी अडखळतो. हात आहेत, पण त्या हातांना माणसे नाहीत. त्याच शिळेवर लिव्हिंग्स्टनचे शेवटच्या काळातले उद्गार आहेत आणि त्यांत ‘माझ्या एकांतात’ असे शब्द आहेत. एकांत खराच वाटला असेल, मनाचा एकांत माणसांच्या गर्दीतही असतो. पण दगडावर कोरल्यावर तो वस्तुस्थिती होऊन बसतो आणि स्वयंपाक करणारी हलिमा, पाणी आणणारे, आजारपणात डोलीतून वाहून नेणारे हे सारे त्या एकांतात विरून जातात.

रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या सोबत्यांसाठी ६० पदके पाडली. त्यांवर ‘शेवटपर्यंत विश्वासू’ अशा अर्थाचे शब्द आहेत. प्रत्येक पदकाच्या कडेवर ज्याचे त्याचे नाव होते, हे सोसायटीच्या बाजूने आवर्जून सांगितले पाहिजे. पण ‘विश्वासू’ हा शब्द तपासून पाहा. विश्वासू नोकर असतो, विश्वासू कुत्रा असतो. ज्याची योजना, ज्याचे नेतृत्व, ज्याचा निर्णय असतो त्याला आपण विश्वासू म्हणत नाही, कर्तबगार म्हणतो. कॅमेरॉनचा सल्ला नाकारणे, खोट्या गाठोड्याची युक्ती लढवणे, यादी करून साक्षीदार ठेवणे यांत इमान आहेच, पण त्याहून अधिक कारभार आहे. याच सोसायटीने १८७७ मध्ये तिबेटची वाट पावलांनी मोजणाऱ्या पंडित नैनसिंह रावत यांना सुवर्णपदक दिले, तेव्हा ते त्यांनी मिळवलेल्या भौगोलिक ज्ञानासाठी दिले. म्हणजे ब्रिटिश नसलेल्या माणसाचे कर्तृत्व ओळखण्याची दृष्टी तिथे अजिबातच नव्हती असे नाही. चुमा आणि सुसी १८७४ मध्ये इंग्लंडला गेले, लिव्हिंग्स्टनचे मित्र आणि रोजनिशीचे संपादक होरेस वॉलर यांनी त्यांना समोर बसवून वाटांचे, माणसांचे आणि तारखांचे तपशील विचारले आणि त्यातून लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशीचे संपादन पूर्ण झाले. ज्याच्या स्मरणावर पुस्तक तपासून घेतले जाते, तो केवळ विश्वासू कसा?

या म्हणण्यावर आक्षेप घेतले जातील आणि त्यांतला एक वजनदार आहे. तो असा की, लिव्हिंग्स्टनजवळ काही असे होते जे तांड्यातल्या दुसऱ्या कुणाजवळ नव्हते. सेक्स्टंट या कोन मोजण्याच्या उपकरणाने ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश-रेखांश काढणे, नद्यांची टिपणे ठेवणे, तापाने फणफणत असतानाही रोजनिशी न चुकवणे, हे त्याचे होते. मला हे पूर्ण मान्य आहे आणि त्याचा पुतळा काढावा अशी माझी मागणी नाही. पण कुठल्याही कामात एक माणूस सर्वांत पुढे असतो म्हणून मागच्यांची नावे गाळावी लागतात असे नाही. किल्ला सर करणाऱ्या सरदाराचे नाव सांगताना आपण मावळ्यांनाही विसरत नाही. दुसरा आक्षेप शिल्पकलेच्या बाजूने येतो: एका चौथऱ्यावर साठ माणसे कशी उभी करणार? उभी करू नका. नावे कोरा. दगडावर नावासाठी वीतभर जागा लागते आणि जेकब वेनराइटने ती एका झाडाच्या खोडावर, भर जंगलात, सुरीने शोधली होती. पुतळ्यांच्या समित्यांना ती प्रशस्त चौथऱ्यांवर दीडशे वर्षांत सापडली नसेल, तर प्रश्न जागेचा नाही, नजरेचा आहे.

आणखी एक शंका आपल्याकडचे वाचक काढतील: परक्यांच्या पुतळ्यांची उठाठेव आपण का करावी? आपल्याकडेही हा प्रश्न वेगळ्या रूपात सुटलेला नाही. मुंबईच्या काळा घोड्यावरून एडवर्ड सातव्याला १९६५ मध्ये उतरवून राणीच्या बागेत नेण्यात आले आणि २०१७ मध्ये त्याच परिसरात स्वाराविना घोडा उभा राहिला. लोकांच्या जिभेवर स्वार कधी नव्हताच, घोडाच होता, म्हणून मला तो निर्णय मनापासून आवडला. जुन्या गोव्यात मांडवीच्या काठी व्हाइसरॉयची कमान आहे. तिच्या कोनाड्यात वास्को द गामा आजही नदीकडे पाहत उभा आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून कालिकतपर्यंत त्याची जहाजे आणणारा वाटाड्या मात्र तिथे नाही. कमानीच्या आतल्या अंगाला तलवार घेतलेली एक स्त्री आहे आणि तिच्या पायाखाली एक पडलेला माणूस. पुतळ्यांत आपल्या बाजूची माणसे कुठे असतात, तर पायाखाली किंवा कुठेच नसतात, हे पाहण्यासाठी आपल्याला आफ्रिकेपर्यंत जावे लागत नाही.

काही ठिकाणी चांगली पावले पडली आहेत. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने २००९ मध्ये आपल्याच संग्रहातून वाटाडे, दुभाषे आणि ओझेवाले यांच्यावर प्रदर्शन मांडले. ब्लँटायरच्या जन्मस्थानातले संग्रहालय २०२१ मध्ये नव्या रूपात उघडले, तेव्हा त्यात चुमा, सुसी आणि इतर सोबत्यांच्या कहाणीला जागा मिळाली. पण संग्रहालयात तोच जातो ज्याला आधीच कुतूहल असते. पुतळा चौकात असतो आणि ज्याला काहीच ठाऊक नाही त्यालाही तो काहीतरी शिकवून जातो. म्हणून दुरुस्ती चौकातच व्हायला हवी. एडिंबरो, ग्लासगो, लंडन आणि धबधब्याच्या काठी त्याच चौथऱ्यावर, मूळ नावाच्याच आकाराच्या अक्षरांत, सोबत्यांची नावे यावीत. बाजूला कुठेतरी छोटी पाटी लावून भागवू नये. ती पाटी म्हणजे पुन्हा मागच्या रांगेत बसवणे आहे.

नाशिकसाठी माझी मागणी याहून नेमकी आहे. शरणपूर रोडवर जिथे सावली आहे आणि माणसे क्षणभर थांबतात अशा जागी एक साधी उभी शिळा असावी. पुतळा नको, आपल्याकडे पुतळे पुष्कळ आहेत आणि या मुलांचे चेहरे आपण कल्पनेने घडवले तर ते चेहरे त्यांचे असणार नाहीत. शिळेवर मराठी, इंग्रजी आणि स्वाहिली या तीन भाषांत नावे असावीत. इथे एक अडचण आहे आणि ती शिळेवरच मान्य केली पाहिजे. जेकब वेनराइट हे त्याचे जन्मनाव नव्हते. तो याओ होता. त्याच्या आईने त्याला ज्या नावाने हाक मारली ते नाव आधी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी आणि मग बाप्तिस्म्याच्या वहीने पुसले. गार्डनर, वेलिंग्टन, फॅरार, रटन ही सगळी उसनी नावे आहेत. तेव्हा नावांच्या वर एक ओळ असावी की, ही नावे या मुलांना इथे देण्यात आली आणि त्यांची पहिली नावे आपल्यापाशी नाहीत. हे लिहिले नाही तर शिळा मिशनच्या परोपकाराचे किंवा नाशिकच्या अभिमानाचे स्मारक होईल, आणि ती दोन्ही होता कामा नये. शरणपूरने या मुलांना आसरा दिला हे खरे, पण त्यांनी तो मागितला नव्हता. त्यांना घर हवे होते. त्यांच्यापैकी कित्येक जण पुढे मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन या वस्तीत गेले. मॅथ्यू वेलिंग्टन तिकडेच १९३५ पर्यंत जगला. चुमा १८८२ मध्ये झांझिबारला वारला, सुसी १८९१ मध्ये तिथेच आणि जेकब वेनराइट १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला.

शिळेचा दगड नाशिकचाच काळा कातळ असावा आणि नावे कोरण्याचे काम शहरातल्या कारागिरांनी करावे, कारण शरणपूरला मुलांना हाताचेच काम शिकवले जात होते. खोडावरची चार नावे आणि गार्डनर, वेलिंग्टन, फॅरार, दोघे रटन व जॉन वेनराइट ही नावे आधी घ्यावीत. हलिमा आणि लोसी यांचीही घ्यावीत, जरी त्यांनी नाशिक कधी पाहिले नसले तरी. आणि जेकब वेनराइटने त्या झाडावर जे नाव कोरायचे सोडले होते, तेही त्यांत कोरावे.